जागृतीच्या सहीचा चेक

दहिवली, कर्जत
गुरुवार, २ जानेवारी २०२५

जागृती,

अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाली असशील तर थांब जरा. भांडायला लिहीत नाही. तुझा चेक परत आलाय, तेवढं सांगायला लिहितेय.

फोन का नाही केला म्हणशील. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस गं बाई, मागच्या दिवाळीलाच कळलं मला. मनोजला केला तर तो "देतो हां ताई तिला" म्हणतो आणि देत नाही. मग उरलं पोस्ट. दुकानाच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहितेय, दुसरा कागद हाताशी नव्हता.

चेक दोन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशेचा. तारीख १ ऑक्टोबर. वर छापलंय 'जागृती एंटरप्रायझेस' आणि खाली तुझी सही, शाळेत असताना करायचीस तशीच, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. २७ डिसेंबरला मी तो खात्यात भरला. ३० तारखेला बँकेने चिठ्ठी लावून हातात दिला. खात्यात पुरेशी रक्कम नाही.

आता हा चेक कशाचा, तर मालाचा. तुझा नवरा मागच्या मे महिन्यात दुकानात आला. खालापूरला कुणा मुंबईवाल्याचा बंगला बांधायला घेतलाय म्हणाला. सिमेंट, सळई, लाद्या, सगळं मिळून अकरा टेंपो माल गेला सप्टेंबरपर्यंत. अकराही वेळा आपला भिवाजी टेंपो घेऊन गेला, चलनावर मनोजची सही घेऊन आला. मी उधारीवर दिलं. आपली माणसं म्हणून दिलं. सप्टेंबरात पैसे मागितले तर त्याने खिशातून चेकबुक काढलं, सही आधीच केलेली होती, माझ्या काउंटरवर माझंच पेन घेऊन रक्कम नि तारीख भरली आणि म्हणाला, "ताई, लगेच टाकू नका. बंगलेवाल्याचे आले की मी सांगतो, मग टाका."

आमच्या धंद्यात अशी पद्धत आहे. ओळखीच्या माणसाचा चेक घ्यायचा आणि त्याने 'टाका' म्हणेपर्यंत गल्ल्यात दाबून ठेवायचा. न विचारता टाकला तर तोंड फिरवतात लोक, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या दुकानात जातात. पण चेक तीन महिनेच चालतो. वीस वर्षं या काउंटरला बसलेली बाई मी, दुसऱ्या कुणाचा असता तर महिन्याभरात टाकून मोकळी झाले असते. हा ठेवला. दसरा गेला, दिवाळी गेली, मनोजचं 'पुढच्या आठवड्यात' काही संपेना. शेवटी चार दिवस उरले तेव्हा भरला.

पनवेलच्या डीलरने माझा माल थांबवलाय. मागचे दोन लाख दिल्याशिवाय एक पोतं पाठवणार नाही म्हणतो. दुकानात ये, बघ, मागची भिंत दिसायला लागलीय. गिऱ्हाईक येतं, सिमेंट नाही म्हटलं की पुलापलीकडे जातं, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तुला सांगायला नको, तू अण्णांच्या मांडीवर बसून पाहिलंयस.

तुला हे सगळं माहीत आहे असं धरून लिहितेय. पंधरा तारखेपर्यंत वाट बघते. निदान काहीतरी कळव.

अडीच वर्षांपूर्वी गणपतीत झालं ते झालं. त्यावर आता बोलण्यात अर्थ नाही.

आई बरी आहे. मी लिहायला बसलेय बघून म्हणाली, "तिला लिव, तुझी आय अजून जिती हाय." लिहिलं.

हर्षला


दहिवली
सोमवार, २० जानेवारी

जागृती,

पंधरा तारीख गेली. तुझा कागद नाही, मनोजचा फोन बंद. भिवाजीला खालापूरला पाठवलं तर तो म्हणाला, "साईट बंद हाय ताई. वाचमन पन नाय." म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला टोपी घातलीत असं समजू का?

या पत्राबरोबर दुसरं एक पाकीट रजिस्टरने येईल. ती नोटीस आहे. इंग्रजीत आहे, घाबरू नकोस, त्यात काय लिहिलंय ते मी इथे मराठीत सांगते. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम द्यायची. दिली तर विषय संपला. नाही दिली तर पुढच्या एका महिन्याच्या आत कर्जतच्या कोर्टात फौजदारी केस. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे, नाहीतर दुप्पट दंड. बहुतेक लोक त्याआधी पैसे भरतात, म्हणून तर कायदा केलाय.

वकील सुरभी म्हणून आहे, कडावच्या जयवंतामावशीची नात. तिशीही नाही पोरीची, पण बोलायला लागली की एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "परत आल्याची चिठ्ठी कधी मिळाली?" मी म्हटलं तीस डिसेंबर. तिने बोटांवर मोजलं. "तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे मावशी. एक दिवस उशीर, की हा चेक रद्दीत घाला."

मी म्हटलं, काढ मग मनोजच्या नावाने.

ती म्हणाली, "मनोज कोण?"

तेव्हा मला कळलं गं. चेकवर मनोज कुठेच नाही. बिलं मी त्याच्या नावाने फाडली, माल त्याने उतरवून घेतला, चहा त्याने प्यायला, पण कायदा सही बघतो. केस होईल ती तुझ्यावर. आरोपी म्हणून नाव येईल ते तुझं. त्याचं सिबिल खराब झालं, बँक कर्ज देईना म्हणून त्याने धंदा तुझ्या नावावर काढला असणार. खालापूर-कर्जतमधले निम्मे कंत्राटदार असंच करतात, बायकोच्या नावाने कंपनी, बायकोच्या नावाने टेंपो, आणि बायको घरात भाकऱ्या भाजतेय.

मी उठून बाहेर आले. कोर्टासमोरच्या टपरीवर एक चहा घेतला, अर्धा टाकला आणि परत आत गेले. सुरभीला म्हटलं, काढ.

माझ्याकडे रागाने बघू नकोस. दुसरा रस्ता असता तर घेतला असता.

हर्षला


दहिवली
२८ जानेवारी

जागृती,

पोस्टाची पोचपावती परत आली. २३ तारखेला तू नोटीस घेतलीस. पोस्टमनने गुलाबी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मी गिऱ्हाईकाला तसंच उभं ठेवून ते वाचत बसले. वाचायला त्यात काय, एक सही. अडीच वर्षांत तुझ्याकडून घरी आलेली पहिली गोष्ट आहे ती. आईला दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी तिने चष्मा लावून बघितली आणि म्हणाली, "हात तिचाच हाय." मग ते कार्ड तिच्याकडेच राहिलं. आता सुरभी मागतेय पुरावा म्हणून, आणि आई देत नाहीये.

त्याच दिवशी मनोजचा फोन आला. नोटीस लागली तेव्हा बोलला एकदाचा. काय म्हणाला माहीत आहे? "ताई, तिच्यावर कशाला? तिला यातलं काय म्हाईत नाय. तिनं मला पूर्न बुकच सही करून दिलंय. आणि तुमी काय सख्ख्या बहिनीला जेलात टाकनार हाय का?" वर हसला. मला तो काही लबाड वाटत नाही, खरं सांगते. बंगलेवाल्याने त्याला लटकवलंय हेही खरं असेल. पण तो हसला तेव्हा माझ्या डोक्यात गेलं. तुझ्या पदराआड उभा राहून तो निवांत आहे, आणि माझं नातं त्याने गहाण ठेवलंय.

पण तुझं काय गं? पंचवीस पानांचं चेकबुक एका बैठकीत सही करून दिलंस? एकेका पानावर? इतकी कशी भोळी तू? समोरचा काय भरणार हे न बघता, कागद न वाचता सही करायची, हे तुला शिकवलं तरी कुणी? अण्णांनी तर नाही.

पंधरा दिवस ७ फेब्रुवारीला संपतात. अर्धे दिले तरी मी सुरभीला थांबवीन. पनवेलवाल्याला काहीतरी दाखवता येईल.

आणि तू गणपतीतून रागावून का निघून गेलीस, ते मला आजही नीट कळलेलं नाही. कधीतरी सांग.

हर्षला


खालापूर
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

कुणी शिकवलं विचारलंस. तू.

तुला कळलेलं नाही म्हणतेस म्हणून लिहिते. अण्णा गेले त्याच वर्षी, डिसेंबरात, श्रद्धा बारा दिवसांची होती. मी दहिवलीला बाळंतपणाला होते. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, आई मला मोरीपर्यंतसुद्धा एकटी सोडत नव्हती. तू सकाळी रिक्षा घेऊन आलीस आणि म्हणालीस, "चल गं, पाच मिनिटांचं काम आहे, अण्णांच्या जागी नावं लावायचीत." आईने अडवलं नाही. मी कान बांधून, शाल घेऊन आले. टाके ओले होते, मला बसवत नव्हतं. रजिस्टर ऑफिसात श्रद्धाला तू घेतलीस. ती रडत होती, मला पान्हा आला होता आणि मला फक्त ते संपायला हवं होतं. तू पान उलटत होतीस आणि बोट ठेवत होतीस. "इथे. इथे. आणि इथे." मग अंगठा लावला, फोटो काढला.

गणपतीत समया काढायला कपाट उघडलं तेव्हा ती फाइल मिळाली. हक्कसोडपत्र. दुकानाच्या गाळ्यातला माझा हिस्सा मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, तुला सोडला असं लिहिलंय. खाली माझा फोटो आहे, डोळे अर्धे मिटलेले, कान बांधलेले. मी तुला विचारलं तेव्हा तू आरतीचं ताट हातात घेऊन म्हणालीस, "आता काय त्याचं? सही तर तुझीच आहे ना?"

म्हणून गेले. तुला हे आठवत नसेल तर मला नवल आहे.

आता चेकचं. मनोजने चेकबुक आणलं तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. तो म्हणाला, "साह्यबाला दाखवायचंय, सह्या करून ठेव." मी गॅस बारीक केला आणि पंचवीस केल्या. कंपनी माझ्या नावाची आहे हे माहीत होतं, प्रोप्रायटर म्हणजे काय ते तुझ्या नोटिशीतून कळलं. तुझ्याकडून माल आणतोय हे मला माहीत नव्हतं. तो पनवेलहून आणतो म्हणाला होता. मला कळलं असतं तर मी एक वीट येऊ दिली नसती.

नोटीस आल्यावर मी चेकबुक मागितलं. आधी हसला, मग दिलं. अकरा पानं उरली होती, मी बँकेत जाऊन रद्द करून घेतली. पैसे नाहीत, ताई. बंगलेवाल्याकडे मनोजचे सहा लाख आहेत, तो फोन उचलत नाही. माझ्याकडे मंगळसूत्र आणि श्रद्धाच्या दोन बांगड्या आहेत, ते मी विकणार नाही.

सही माझी आहे. कोर्टात नाही म्हणणार नाही. तू केस टाक. मी तारखेला येईन.

आईला सांग, श्रद्धा बालवाडीत जाते.

जागृती


दहिवली
१४ फेब्रुवारी

जागृती,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं, चार पानं, आणि फाडलं. त्यात नुसत्या शिव्या होत्या, तुला आणि मनोजला. हे दुसरं.

आठवत नाही असं कसं होईल? सगळं आठवतं. श्रद्धाची टोपी पिवळी होती.

माझी बाजू तुला कुणी सांगितली नाही, म्हणून ऐक. मी एकोणिसाव्या वर्षी दुकानात बसले. अण्णांना दम लागायला लागला आणि आपल्याला भाऊ नाही. तू कॉलेजला गेलीस, तुझं ठरलं, तुझं लग्न झालं. माझ्यासाठी दोनदा बघायला आले आणि दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "मग दुकानाचं काय?" मी सिमेंटची पोती मोजली, ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या, पावसाळ्यात ओलं झालेलं अख्खं सिमेंट दगड होताना बघितलं. अण्णा गेले आणि पंधराव्या दिवशी मनोजचे काका, ते हर्षद काका, दुकानासमोर उभे राहून गाळ्याची रुंदी पावलांनी मोजत होते. माझ्या डोळ्यांदेखत. तीन हिस्से होणार, एक विकायला निघणार, भिंत घालावी लागणार, हे मला दिसायला लागलं. मी घाबरले गं. तुला विचारलं असतं तर तू कदाचित हो म्हणाली असतीस. कदाचित मनोजला विचारून सांगते म्हणाली असतीस. ते 'विचारून सांगते' मला नको होतं. म्हणून सव्वा महिना संपायच्या आत नेलं, तू सासरी जायच्या आत.

'नावं लावायचीत' म्हटलं ते तरी काही अगदीच खोटं नव्हतं. माझं लागलंच.

आईला माहीत होतं. तिनेही स्वतःचा हिस्सा तशाच दुसऱ्या कागदावर सोडला. तेव्हा ती म्हणाली होती, "बारकीला सांग तरी." मी म्हटलं सांगते नंतर. म्हणजे मी तिलाही फसवलंच.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्राने मला लागली, ती म्हणजे मालाची. मनोज मे महिन्यात आला तेव्हा मला वाटलं तूच पाठवलंस. तोंडाने बोलवत नाही म्हणून नवऱ्याला उधारीला पाठवते, असं मी आईला सांगितलंसुद्धा. तिने त्या दिवशी शेवळाची भाजी करून डबा भरून दिला त्याच्याबरोबर. पोचला का तो? पहिल्या टेंपोला मी भाव दोन रुपये कमी लावला. चेकवर तुझी सही बघितली तेव्हा तर खात्रीच पटली. तीन महिने तो गल्ल्यात ठेवला तो मनोजच्या शब्दासाठी नाही. रोज गल्ला उघडला की तुझी सही दिसायची म्हणून. दुकानदार बाईने करण्यासारखी चूक नाही ही, पण केली.

असो. पैशाचं पैशाच्या जागी. पनवेलवाल्याने वकील लावायची धमकी दिलीय. केसची मुदत ८ मार्चपर्यंत आहे, पण तो दुसरा शनिवार, म्हणून सुरभीने ७ तारीख धरलीय. तू केस टाक म्हणालीस. मी टाकणार आहे.

हर्षला


दहिवली
शनिवार, ८ मार्च

जागृती,

काल केस टाकली नाही. मुदत संपली. या चेकसाठी आता तुझ्यावर फौजदारी होऊ शकत नाही, मनोजनेही निश्चिंत व्हायला हरकत नाही, पण त्याला इतक्यात सांगू नकोस, पुढचं वाच.

काय झालं ते सांगते. साडेअकराला सुरभीच्या ऑफिसात गेले. तक्रार टाइप होऊन तयार होती, सोबत प्रतिज्ञापत्र. तिचा कारकून सदू, बिचारा घाईत होता, त्याला बाराच्या आत कोर्टात द्यायची होती. त्याने माझ्यापुढे गठ्ठा ठेवला, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "इथे मावशी. इथे. आणि इथे."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आधी वाचून दाखव.

सुरभीने वाचलं. त्यात एक वाक्य होतं, आरोपीने फिर्यादीकडून वेळोवेळी माल घेतला व त्यापोटी सदर चेक स्वतः लिहून व सही करून फिर्यादीस दिला. मी म्हटलं, हे खोटं आहे. माल तिने घेतला नाही, चेक तिने लिहिला नाही, मला दिला नाही. शपथेवर कसं सांगू? सुरभी म्हणाली, "मावशी, दहा मिनिटांत बदलते. सहीचा कोरा चेक दिला तरी सही करणाराच जबाबदार असतो, कायदा तसाच आहे. आपली केस तरीही पक्की आहे." आणि खरंच बदलून दिलं. पुन्हा वाचलं. या वेळी एक शब्द खोटा नव्हता. पतीच्या सांगण्यावरून सही केलेला कोरा चेक, रक्कम पतीने भरली, सगळं जसं झालं तसं.

तेच ऐकून माझ्याने सही होईना. घरच्या माणसाने पुढे ठेवलेल्या कागदावर या बाईने सही केली, म्हणून तिला शिक्षा व्हावी, अशी फिर्याद. फिर्यादी कोण, तर मी. मला हसूच आलं जागृती, लाज वाटून आलं. सदूला वाटलं माझं डोकं फिरलं. तो घड्याळाकडे बघत होता. मी पाच वाजेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिले, कोर्ट उठेपर्यंत. सुरभीने दोनदा सांगितलं की मुद्दाम उशीर केला तर नंतर माफ होत नाही. मी म्हटलं, मुद्दामच करतेय.

आता व्यवहाराचं. अण्णांची एफडी होती ती मोडून पनवेलवाल्याला दोन लाख दिले. सोमवारपासून माल येईल. मनोजवर मात्र मी दिवाणी दावा लावणार. बिलं त्याच्या नावावर आहेत, अकरा चलनांवर त्याची सही आहे, आणि त्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. वेळ लागेल, पण तिथे आरोपी-बिरोपी कुणी नसतं, ज्याने माल घेतला त्याने पैसे द्यायचे, इतकंच. त्याला म्हणावं बंगलेवाल्यावर तूही लाव. कागद घेऊन एखाद्या वकिलाकडे जा. आणि तुझी ती कंपनी त्याला स्वतःच्या नावावर घेऊ दे, नाहीतर बंद कर.

दुसरं गाळ्याचं. उठता उठता मी सुरभीला विचारलं, समजा एखादीने फसवून सही घेतली असेल तर तो कागद रद्द होतो का? ती म्हणाली, होतो, दिवाणी कोर्टात दावा करावा लागतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. कुणाची केस आहे मावशी? मी म्हटलं, माझ्यावरची. तिने मला दुसरा वकील बघायला सांगितलं, म्हणजे तुझ्यासाठी. ती दोघींची घेऊ शकत नाही म्हणे. खोपोलीतलं एक नाव दिलंय, मागच्या पानावर नंबरासकट लिहिलंय.

तुला गणपतीत कळलं, २०२२ च्या. ऑगस्ट अखेर धरून चाल. म्हणजे अजून पाच-साडेपाच महिने आहेत. झोपून राहू नकोस, या लोकांच्या तारखा फार वाईट असतात, मी शिकलेय आता.

तू म्हणशील, एवढं कळतंय तर ताई, तूच देऊन टाक ना परत. खरं बोलू? काल येताना मी तेच ठरवलं होतं. आज सकाळी शटर वर केलं, काउंटर पुसला, आणि माझ्या मनाने परत मोजायला सुरुवात केली, वीस वर्षं, किती पोती, कुणी काय केलं. दुकान माझं आहे असं मला आजही वाटतं. मोठेपणा करायला गेले तर आठ दिवसांत मागे घेईन, मी मला ओळखते. म्हणून हे ठरवणं माझ्या हातात नको. कोर्टाने सांगितलं तर मला ऐकावंच लागेल.

म्हणून खाली लिहितेय, सरळ लिहितेय, तुझ्या वकिलाला उपयोग होईल असं:

डिसेंबर २०२० मध्ये मी, हर्षला, माझी धाकटी बहीण जागृती हिला वारसांची नावं लावायची आहेत असं खोटं सांगून रजिस्टर ऑफिसात नेलं. कागद हक्कसोडपत्राचा आहे हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. तिला तो वाचू दिला नाही. त्यापोटी तिला काही दिलं नाही.

खाली पूर्ण सही केलीय आणि आईचा अंगठा घेतलाय. तिला मी आधी सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "ह्ये तवाच वाचायला पायजे व्हतं गं," आणि मग अंगठा पुढे केला. सोबत हक्कसोडपत्राची नक्कल आहे, फोटोसकट.

हे पत्र रजिस्टरने पाठवतेय. मूळ जपून ठेव, वकिलाला झेरॉक्स दे. दावा लावलास की मला समन्स येईल, मग तारीख पडेल. इथे तारखा लवकर संपत नाहीत, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. प्रत्येक तारखेला मी दुकान बंद ठेवून येईन. आईसुद्धा येते म्हणाली. श्रद्धाला घेऊन ये, कोर्टाबाहेर बसायला बाकडं आहे.

हर्षला